किती वाजेपर्यंत, ते नीट सांगा

आमच्या ऑफिसात तीन वर्षांपूर्वी एका मुलाचा इंटरव्ह्यू झाला, पॅनलवर मीही होते. पहिला प्रश्न नेहमीचाच, स्वतःबद्दल काही सांग. तो गप्प. बराच वेळ गप्प. मग टेबलाकडे बघतच म्हणाला, "कुठल्या वर्षापासून सांगू?" माझ्या शेजारचे दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि निकाल तिथेच लागला, पुढची दहा मिनिटं नुसती उरकायची म्हणून उरकली. तो बाहेर गेल्यावर एचआरची मुलगी म्हणाली, मॅडम, कम्युनिकेशन फारच वीक आहे. मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या खोलीत त्या दिवशी विचारला गेलेला सगळ्यात नेमका प्रश्न त्या मुलाचाच होता. स्वतःबद्दल सांग म्हणजे काय सांग? जन्मापासून, कॉलेजपासून, की मागच्या नोकरीपासून? आपल्याला याचं अपेक्षित उत्तर कुणी न सांगताच कळलेलं असतं, त्याला ते कळलेलं नव्हतं म्हणून त्याने विचारलं. आणि विचारलं म्हणून नापास.

तो ऑटिस्टिक आहे, म्हणजे मेंदूची ठेवण जन्मापासूनच वेगळी, न बोललेलं आपसूक ओळखणं अवघड. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पुढे त्याच्या आईने सांगितलं. हे सगळं मी त्याला विचारून लिहितेय, नाव-गाव सोडून.

पुढे दोन महिन्यांनी आमच्या डॉक्युमेंटेशनची एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि सीझन अंगावर आलेला, माणूस मिळेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं त्या मुलाला तीन दिवस बसवून तर बघू. आमचं काम जहाजाने येणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचं. न्हावा शेवाला कंटेनर उतरायच्या आधी कस्टम्सला जी माहिती जाते तिच्यात एक आकडा चुकला तरी दुरुस्तीचा अर्ज करा, तोपर्यंत कंटेनर अडकलेला आणि रोजचं भाडं चालू, आणि माल मागवणाऱ्या पार्टीच्या शिव्या वेगळ्या. कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणित करून काढलेला असतो, तपासणीसाठी, म्हणजे मधे कुठे दोन आकडे उलटसुलट टाईप झाले तर बहुतेक वेळा शेवटचा जुळत नाही आणि चूक पकडता येते. हे सगळ्या जगात असंच चालतं. मी बावीस वर्षं या लाईनमध्ये आहे, ते गणित मी कधी हाताने केलेलं नाही, सॉफ्टवेअर करतं म्हणून. पण एजंट एक्सेलमध्ये लिस्ट पाठवतात त्यात कसली तपासणी? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला सगळे बॅगा भरून ६.५२ची लोकल पकडायच्या घाईत आणि हा म्हणाला, हा नंबर असू शकत नाही. टीममधला एक जण म्हणाला, अरे चालतंय रे, एजंटने दिलाय तो टाक. तो म्हणाला, नाही चालत, शेवटचा आकडा चार यायला पाहिजे. आवाज चढवला नाही, वाद घातला नाही, फक्त फाईल पुढे ढकलायला नकार दिला. एजंटला फोन लावला. दोन आकडे उलटे होते.

आता ही गोष्ट सांगायची मला जरा भीतीच वाटते. कारण सांगितली की लोक लगेच म्हणतात, अरे वा, म्हणजे जीनियस आहे की! आणि मग ऑटिझम म्हणजे आकड्यांचा जादूगार, एडीएचडी (एका जागी लक्ष टिकवणं अवघड जाणं) म्हणजे भन्नाट आयडिया, डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात अडणं) म्हणजे मोठा उद्योगपती, असल्या पोस्ट फिरायला लागतात. त्या दिवशी त्याने काय केलं ते नीट बघा ना. गणित करायला शिकवलं तर आमच्यातला कुणीही शिकेल, त्यात जादू नाही. त्याने "चालतंय" ऐकलं नाही, एवढंच. साडेसहा वाजता, नवीन असताना, सगळे निघालेले असताना. आपण सगळे ते ऐकतो, कारण आपल्याला दिसत असतं की समोरच्याला उशीर होतोय, तो वैतागलाय, आत्ता हे काढणं बरं नाही. त्याला समोर फक्त चुकीचा नंबर दिसत होता. इंटरव्ह्यूमध्ये ज्याला आम्ही वीक कम्युनिकेशन म्हणालो, तेच हे. त्याच एका स्वभावाची दोन टोकं.

मला या लेखात सांगायचंय ते हेच, की न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे माणसांचे मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने चालणं, ही ऑफिसची ताकद आहे हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण ती ताकद दिसायला आधी आपल्याला आपली बोलायची सवय बदलावी लागते. आपली ऑफिसं इशाऱ्यांवर चालतात. "बघ जरा." "करून टाक ना." "तुला माहितीये मला काय म्हणायचंय." मेलच्या शेवटी "प्लीज डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट", हे वाक्य मी माझ्या आयुष्यात किती हजार वेळा लिहिलं असेल. त्या मुलाने पहिल्याच आठवड्यात मला उलट विचारलं, मॅडम, नीडफुल म्हणजे यातलं कुठलं काम, आणि अर्लिएस्ट म्हणजे किती वाजेपर्यंत? मला पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. उद्धट वाटला. मग उत्तर लिहायला बसले आणि कळलं की मलाच माहीत नाहीये किती वाजेपर्यंत.

आपल्याकडे म्हणच आहे, शहाण्याला शब्दाचा मार. लहानपणापासून ऐकतो, म्हणजे शहाणा कोण तर अर्ध्या शब्दात ओळखणारा. ज्याला अख्खं वाक्य लागतं तो कमी. आणि कमी असणाऱ्यांसाठी तर आपल्या भाषेत शब्दांचा तोटाच नाही: वेंधळा, धांदरट, घुम्या, तिरसट, एककल्ली, माणूसघाणा, विक्षिप्त, तंद्रीत असतो नुसता, आणि शाळेत एकाच अक्षरात सगळं संपवणारा "ढ". यातला एकेक शब्द घेऊन बसा आणि आठवा कुणाकुणाला लावला होता. माझ्या आठवणीत तरी त्यातले निम्मे आज डॉक्टरकडे गेले असते तर त्यांना काहीतरी वेगळं नाव मिळालं असतं. ऑटिझमला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, तो शब्दही मला खटकतो, स्वतःत मग्न. आमचा हा मुलगा स्वतःत मग्न अजिबात नाही, टीममधल्या कुणाचा चष्मा बदलला, कोण दोन दिवस डबा न उघडता परत नेतंय, हे सगळ्यात आधी त्याच्या लक्षात येतं. फक्त ते बोलायचं कसं याचा त्याचा रस्ता वेगळा आहे.

कम्युनिकेशन वीक, हे जे आपण पटकन लिहून मोकळे होतो ना, त्याबद्दल एक सांगते. डेमियन मिल्टन नावाचे एक ऑटिस्टिक अभ्यासक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज हा दोन्ही बाजूंचा असतो, ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत तसे बाकीच्यांनाही तो कळत नाही, मग दोष एकट्याच्याच नावावर का? पुढे २०२० मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी निरोपाच्या खेळासारखा प्रयोग केला, म्हणजे एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी आठ जणांची साखळी. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट शेवटपर्यंत पोचली जितकी बाकीच्या लोकांच्या साखळीत पोचली. मग वीक कोण? शब्द मुळात "न्यूरोडायव्हर्सिटी" हा नव्वदीच्या दशकातला, ऑस्ट्रेलियाच्या समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं आणि त्या काळात इंटरनेटवर एकमेकांना भेटलेल्या ऑटिस्टिक लोकांच्या गप्पांतून ती कल्पना वर आली. कल्पना साधी आहे, माणसांचे मेंदू एका साच्याचे नसतात आणि वेगळा म्हणजे बिघडलेला असं दरवेळी नसतं.

माझ्यासाठी मात्र हा विषय त्या मुलापासून सुरू होत नाही. दादापासून सुरू होतो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लालबागला चाळीत वाढलो आम्ही, बाबा मिलमध्ये. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, बाबांचा पगार थांबला तो थांबलाच, आणि १९८४ला दादा दहावीत मराठी आणि इंग्रजी दोन्हीत उडाला. परत बसला, परत उडाला. जोडाक्षर आलं की तो अडायचा, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, फळ्यावरचं वहीत उतरवताना एक ओळ गाळून खालची लिहायचा आणि त्याला ते कळायचंही नाही. पण तोच मुलगा मजल्यावरचे बंद पडलेले पंखे उघडून, एकदाच आत बघून, सगळं परत जागच्या जागी बसवायचा, काहीही लिहून न ठेवता. एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागायची त्याची फार इच्छा होती, पण फॉर्मवर दहावी पास पाहिजे होतं. शेवटी मोटर वाइंडिंगच्या दुकानात लागला, पुढे स्वतःचं दुकान टाकलं, संसार केला, दोन मुलं शिकवली. लोक म्हणतील, मग झालं की चांगलं. हो, झालं. पण बँकेचा फॉर्म, गॅसचा फॉर्म, मुलांच्या शाळेचा फॉर्म, तो सगळे घरी घेऊन यायचा आणि रात्री जेवणं झाली की मी भरायचे, मुद्दाम अक्षर जरा वाकडं काढून, म्हणजे कुणी विचारलंच तर त्याला सांगता यावं की मीच भरला. लग्न होऊन मी मुलुंडला आले तरी तो रविवारी फॉर्म घेऊन यायचा. आम्ही दोघं यावर एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नाही. त्याला डिस्लेक्सिया असणार हे मला माझ्या भाच्याला तपासायला नेलं तेव्हा समोरच्या बाईंचे प्रश्न ऐकता ऐकता कळलं, एकेक प्रश्न म्हणजे दादाच होता.

भाच्याचं नशीब बरं, कारण तोपर्यंत काळ बदललेला. महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्येच अध्ययन अक्षम, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी असलेल्या, मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, एक भाषा सोडून कार्यानुभवासारखा विषय घ्यायची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली, सायनच्या टिळक हॉस्पिटलातल्या केंद्रातून हजारो आईवडिलांनी मुलांची तपासणी करून सर्टिफिकेट घेतली. या बाबतीत आपलं राज्य देशात पुढे होतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता जरा हिशोब करा. त्या पहिल्या दोन-चार वर्षांत सवलत घेऊन दहावी पास झालेली मुलं आज पंचेचाळिशीच्या आसपास आहेत. ती गेली कुठे? ती आपल्या ऑफिसात आहेत. आपल्या शेजारच्या खुर्चीत. मॅनेजर असतील, अकाउंट्समध्ये असतील, सेल्समध्ये असतील. परीक्षेपुरता त्यांना जादा वेळ मिळाला, नोकरी लागली त्या दिवशी तो वेळ संपला, आणि तेव्हापासून ती सगळी लपवून काम करतायत. मेल पाठवायच्या आधी बायकोला वाचून दाखवणारा एक साहेब मला माहीत आहे. मीटिंगमध्ये "जरा हे वाचून दाखव ना" म्हटलं की चष्मा विसरलो म्हणणारे माहीत आहेत. ही रोजची लपवालपवी किती दमवते हे मी दादाकडे बघून सांगू शकते. आणि ही सगळी शक्ती कामात न जाता लपवण्यात जाते, त्यात ऑफिसचंही नुकसान आहे हे मालकांना कसं दिसत नाही?

कायदा नाही असं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातावरून एकवीस केले, ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही त्यात आले. सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत, त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकापेक्षा जास्त अपंगत्व असणारे अशा सगळ्यांना मिळून. खाजगी कंपन्यांना आरक्षण लागू नाही, पण वीस किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं बंधन नियमांत आहे. मी आमच्या एचआरकडे ते मागितलं. मिळालं, दीड पानाचं. रॅम्प, लिफ्ट आणि टॉयलेट. ते पाहिजेच, पण बाकीच्यांचं काय? एडीएचडीचं तर त्या एकवीस प्रकारांत नावच नाही, त्यामुळे तिथे कागदच मिळत नाही आणि आपल्याकडे कागदाशिवाय काही हलत नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र फार महत्त्वाची गोष्ट सांगितली, लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी परीक्षार्थीला लेखनिक नाकारला होता, कोर्ट म्हणालं चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून सोय नाकारता येणार नाही. मुद्दा गरजेचा आहे, टक्क्याचा नाही. हे परीक्षेसाठी खरं असेल तर ऑफिसात का खरं नसावं?

ज्यांनी हे करून बघितलं त्यांनी सुरुवात कुठून केली बघा, इंटरव्ह्यूपासून. डेन्मार्कमध्ये थोरकिल सोने नावाच्या माणसाने २००४ मध्ये स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली, त्यांच्या मुलाला ऑटिझम. त्यांनी समोरासमोर प्रश्नोत्तरं सोडून लोकांना लेगोचे रोबो दिले, बनवा, चालवा, अडलं तर काय करता ते आम्ही बघतो. सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने ऑटिस्टिक लोकांना कामावर घ्यायला सुरुवात केली ती आपल्याच देशात, बंगळुरूला. आणि मुंबईत जुहूला कॅफे अर्पण आहे, तिथे बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेले तरुण ऑर्डर घेतात, पदार्थ बनवतात, वाढतात. तिथे जाऊन अर्धा तास बसा, बाकी मी काही सांगायची गरज नाही. आमच्याकडे काय झालं तर तीन दिवस काम करून बघ, एवढंच. तोच आमचा लेगो. कागदपत्रं तपासायच्या माणसाला कागदपत्रं तपासायला देऊन बघायचं हे आम्हाला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं, आम्ही त्याची बोलण्याची परीक्षा घेत होतो.

मुंबईत आणखी एक प्रश्न आहे तो म्हणजे आवाज आणि गर्दी. डोंबिवलीहून फास्ट पकडून, घाटकोपरच्या जिन्यावर चेंगरून, मेट्रो करून माणूस मरोळला पोचतो तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्याचंही डोकं भणाणलेलं असतं. ज्याच्या कानाला ट्यूबलाईटचा गुंजारवसुद्धा टोचतो त्याचं काय होत असेल? आणि वर ओपन ऑफिस, चार फोन एकदम, मधेच बर्थडेचा केक. आमच्या त्या मुलाने कानाला मोठे हेडफोन लावले तर एक सीनियर म्हणाले, क्लायंट आला तर कसं दिसेल. मी म्हटलं, क्लायंटला चुकीचा कंटेनर नंबर गेला तर कसं दिसेल? आता त्याची जागा कोपऱ्यात खिडकीकडे आहे आणि तो साडेसातला येऊन चारला जातो. खर्च शून्य. वेळा बदलणं ही अशक्य गोष्ट आहे असं सांगणाऱ्यांना मी आठवण करून देते की मध्य रेल्वेने २०२३ मध्ये गर्दी कमी व्हावी म्हणून आपल्याच मुंबईतल्या ऑफिसच्या वेळा दोन भागांत केल्या आणि शहरातल्या बाकीच्या ऑफिसांनाही वेळा बदला अशी विनंती केली. रेल्वेला जमतं, आपल्याला का नाही.

आणि लेखी सूचनांचं सांगायचं राहिलं. त्या मुलासाठी म्हणून मी कामाची एक यादी करायला लागले, काय काम, कुणाकडून माहिती घ्यायची, किती वाजेपर्यंत, झालं हे कसं ओळखायचं. महिन्याभरात बघते तर टीममधल्या दोन नव्या मुली तीच यादी प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवतायत. त्यांना कसलंही निदान नाही. त्यांना विचारायची लाज वाटायची, इतकंच. लोकलमध्ये "पुढील स्टेशन" अशी घोषणा होते ती ज्याला दिसत नाही त्याला लागतेच, पण दाराशी कोंबलेल्या, खिडकीबाहेरचं काही न दिसणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच ती लागते ना, तसं.

ताकद म्हणताना मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते ते आता सांगते. आमच्या ऑपरेशन्सला एक मुलगी होती, तिला एडीएचडी, हे मला तिने एकटीलाच सांगितलं होतं, गोळ्या पर्समध्ये व्हिटॅमिनच्या डबीत ठेवायची. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या, ट्रक अडकले, निम्मं ऑफिस घरी, की ही सरस. एका वेळी सहा फोन, सगळं डोक्यात, आणि चेहऱ्यावर कसली शांती! बाकीचे घाबरतात तेव्हा तिचं डोकं चालतं. पण रोजचा साधा रिपोर्ट, तीन ओळींचा, तो राहायचा. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला जायचा. आमच्या वरच्यांनी काय केलं, तर तिची ताकद ओळखली आणि प्रत्येक आग तिच्याकडे पाठवायला लागले, रात्रीचीसुद्धा, आणि रिपोर्ट राहिला म्हणून अप्रेझलमध्ये "इनकन्सिस्टंट" लिहिलं. दीड वर्षात ती थकून सोडून गेली. तिला काय हवं होतं माहितीये? रोज पाच वाजता कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून दहा मिनिटं बसायला हवं होतं, ती तेवढ्यात रिपोर्ट पूर्ण करायची. मी बसायचे तेव्हा व्हायचा. माझी टीम बदलली आणि ते बंद झालं. ते मी दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवायला हवं होतं, सांगितलं नाही. म्हणून म्हणते, ताकद ओळखली म्हणजे काम झालं असं नाही, ताकद पिळून घेणारेही असतात आणि ते स्वतःला फार पुढारलेले समजतात.

आणि ज्याच्यात अशी काही दिसणारी ताकद नाही त्याचं काय? जो ऑटिस्टिक आहे आणि आकड्यात हुशार नाही, फायली लावतो, ठीकठाक लावतो, बाकी कुणी लावेल तशा? त्यालाही नोकरीचा हक्क आहेच. आपल्यातल्या बहुतेकांना आपल्या नोकरीसाठी कुठे जगावेगळी बुद्धी दाखवावी लागली? आम्ही साधारण आहोत आणि पगार घेतो. त्याने मात्र आधी चमत्कार दाखवावा मग खुर्ची देऊ, हा न्याय मला मान्य नाही.

लोक विचारतात, एकीकडे ताकद म्हणता आणि एकीकडे सोयी मागता, दोन्ही कसं? मी त्यांना डावखुऱ्या मुलाचं सांगते. शिवाजी पार्कवर डावखुरा बॉलर आला की कोच खूश होतो, त्याचा अँगल बॅट्समनला चटकन कळत नाही. तोच मुलगा परीक्षेला बसतो आणि बाकाला पाटी उजव्या बाजूला लावलेली, वाकडा होऊन तीन तास लिहितो. हात एकच आहे. आणि आपल्याच आईवडिलांच्या पिढीने डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलांच्या हातावर मारलंय, हे फार जुनं नाही. दुसरं ऐकू येतं, हल्ली सगळ्यांनाच काहीतरी असतं. असेल. मग सगळ्यांनाच किती वाजेपर्यंत ते सांगा, त्यात बिघडतं काय? बाकीच्यांवर अन्याय होतो हा मुद्दा मी जरा गंभीरपणे घेते, कारण आमच्याकडे तो उघड बोलला गेला, त्याला चारला जायला मिळतं मग आम्हाला का नाही. मी मॅनेजमेंटला म्हटलं, बरोबर विचारतायत, ज्याचं काम तसं बसतं त्याला द्या. दोघांना मिळालं. एक जण आता मुलीला शाळेतून स्वतः आणतो.

गेल्या आठवड्यात अप्रेझलचे फॉर्म आले. त्या मुलाच्या फॉर्मवर "कम्युनिकेशन" असा रकाना आहे, पाचपैकी मार्क द्यायचे. मागची दोन वर्षं मी दोन दिले होते, सगळे देतात म्हणून. या वेळी मार्क न देता लिहिलं, "काम स्पष्ट नसेल तर लगेच विचारतो. चूक दिसली तर कितीही घाई असली तरी सांगतो. सांगितलेली वेळ पाळतो." एचआरने फॉर्म परत पाठवला, सिस्टीममध्ये वाक्य चालत नाही, आकडा टाका. मी पाच टाकला. फोन आला, मॅडम, नक्की ना, त्याचा मागचा स्कोअर दोन आहे, वर विचारतील. मी म्हटलं विचारू देत, आणि वरून उत्तर कधी मिळेल, किती वाजेपर्यंत, ते मला लिहून पाठवा. शुक्रवारी पाच म्हणालेत.